गुन्वोरच्या नावावर

१

बुधवारी सकाळी सिग्रुन रेनकोट झटकत टांगेन-व्रोल्डसेनच्या कचेरीत शिरली, तेव्हा कॉफीचं यंत्र एकटंच गुरगुरत होतं. त्याच्याभोवती चिटपाखरू नव्हतं. बेर्गेनमधल्या वकिलांच्या कचेरीत सकाळी कॉफीपाशी माणूस नाही, म्हणजे एकतर कुणीतरी वारलंय किंवा कुणाला तरी काढून टाकलंय. सिग्रुनने ओले बूट काढून घरातले जोडे पायात सरकवले आणि सरळ कोपऱ्यातल्या खोलीकडे गेली.

तिथे गुन्वोर पुठ्ठ्याच्या खोक्यात निवडुंगाची कुंडी ठेवत होती. तिची विणकामाची पिशवी आणि लोकरीची उशी आधीच खोक्यात गेली होती.

"ये. चोर सामान भरताना रोज बघायला मिळत नाही," गुन्वोर म्हणाली. "काल संध्याकाळपासून या दारावर कुणी टकटक केलेली नाही. एकटा हालवार तेवढा येऊन भेटून गेला."

गुन्वोर म्हणजे या कचेरीची वेबसाइट सांभाळणारी बाई. जिभेने तिखट, स्वभावाने हट्टी, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. वकिलांनी लिहिलेला प्रत्येक लेख तिच्या हातून साइटवर चढलेला, त्यामुळे ती साइट म्हणजे आपलंच घर आहे असं तिला वाटायचं. सिग्रुनला या घरात वसंतात बोलावलं गेलं, तेव्हा दोघींची पहिले काही महिने रोज भांडणं व्हायची.

सिग्रुनचा धंदाच तसा होता. वकिलांच्या आणि सल्लागारांच्या कंपन्या वर्षानुवर्षं आपल्या साइटवर लेख, सूचना आणि मार्गदर्शनं ओतत राहतात, आणि एके दिवशी त्यांना कळतं की आपलंच पान आपल्याला सापडत नाही. मग सिग्रुनला बोलावतात. ती प्रत्येक पानाला विचारते, बाबा रे, तू कुणासाठी आहेस? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला ती घरी पाठवते. उरलेली पानं साध्या भाषेत पुन्हा लिहायची, नीट विभागांत लावायची, की झाली नवी साइट. इथली नवी साइट शुक्रवारी सकाळी उघडायची होती.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"ते आयविंडला विचार. मी सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

आयविंड टांगेन हा कचेरीचा प्रमुख. उंच, सावकाश बोलणारा, भला माणूस. त्या सकाळी त्याचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा दिसत होता. दार लावून घेत त्याने सगळी हकिकत सांगितली.

आउस्टेवोलच्या बेटांवर मोन्स नावाचा एक मासेपाळ होता. सॅल्मनची पिंजऱ्यातली शेती, घरचीच. शरद ऋतूत त्याचं जाळं फाटलं आणि निम्मे मासे समुद्रात गेले. विमा कंपनीने हात वर केले, कारण मोन्सने कळवायला उशीर केला. उशीर त्याने मुद्दाम केला नव्हता. टांगेन-व्रोल्डसेनच्या साइटवर, फक्त ग्राहकांसाठी कुलपात ठेवलेल्या भागात, स्पष्ट लिहिलं होतं की आधी पाणबुड्याचा अहवाल हाती येऊ द्या, मग विमा कंपनीला कळवा. तो तसाच वागला. काल तो कचेरीत आला आणि आयविंडसमोर त्याने फोनवर ते पान उघडलं.

"आणि पानावर भलतंच होतं," आयविंड म्हणाला. "बरोब्बर उलटं. त्याने तीनदा वाचलं. आपणच वेडे झालो की काय असा चेहरा झाला होता त्याचा. मला बघवलं नाही."

आयविंडने तपास केला. पान गेल्या आठवड्यात बदललं गेलं होतं. आधी काय लिहिलं होतं ते ती जुनाट साइट जपून ठेवत नव्हती. कुणी बदललं तेवढं मात्र सांगत होती. नाव होतं गुन्वोरचं.

"तिचा पासवर्ड तिच्या टेबलावरच्या दिव्याला चिकटवलेला आहे," सिग्रुन म्हणाली. "सगळी कचेरी तिच्याच नावाने साइटच्या आत जाते. स्वतःचा पासवर्ड कुणी घ्यायलाच तयार नव्हतं."

"म्हणून मी एकेकाला विचारलं. सगळे नाही म्हणाले. तीही नाहीच म्हणते. पण त्या साइटवर तिचा किती जीव आहे, तुला माहितेय. चूक दिसली, तिने गुपचूप झाकली. मोन्सला मी खरं सांगणार आहे, पान बदललं गेलंय म्हणून. तो जेवणानंतर येतोय. आणि कुणी बदललं हेही सांगावं लागेल. मग ते पोलिसांतही जाईल."

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सिग्रुनने पान वाचलं.

'जाळं फाटल्याचं लक्षात येताच विमा कंपनीला कळवा. त्याच दिवशी कळवा. पाणबुड्याच्या अहवालासाठी थांबू नका, तो मागाहून पाठवता येतो. पुढची पावलं "वादळानंतर" या विभागात वाचा.' खाली लेखिकेचं नाव होतं, राग्ना व्रोल्डसेन.

वाचताना सिग्रुनला काहीतरी टोचलं. बुटात खडा जावा तसं. पण काय टोचलं ते तिला कळेना, आणि आयविंड तिच्याकडे आशेने बघत होता.

"मला जेवणापर्यंत वेळ दे," ती म्हणाली.

२

खरं म्हणजे हे तिचं काम नव्हतं. तिला पानं लावायचे पैसे मिळत होते, गुन्हेगार शोधायचे नव्हेत. पण गुन्वोरला चोर म्हणून घरी जाताना बघायचं आणि वर शुक्रवारी नव्या साइटसाठी टाळ्या घ्यायच्या, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. भांडता भांडता ती बाई तिला फार आवडायला लागली होती.

पहिल्यांदा तिने मोन्सला फोन लावला. तो बोटीवर होता आणि वाऱ्यामुळे ओरडून बोलत होता. काल आपण खोटारडे ठरलो याचा घाव अजून ओला होता. त्याच्याकडून एकच नवी गोष्ट कळली. कचेरीत यायच्या आधी, गेल्या आठवड्यातच, त्याने मत्स्यशेती विभागाच्या फोनवर निरोप ठेवला होता की तुमच्या पानामुळे माझा घात झाला, मी येऊन भेटणार आहे.

म्हणजे कुणाला तरी आधीच कुणकुण लागली होती. त्या विभागात दोनच वकील होते, राग्ना आणि हालवार. निरोप दोघांपैकी कुणीही ऐकू शकत होतं.

हालवार आपल्या खोलीत डब्यातला पाव खात होता, तपकिरी चीज लावलेला. भिंतीवर त्याच्या लेकीने काढलेलं जांभळ्या देवमाशाचं चित्र होतं. हालवारचं वय फार नाही, हसरा चेहरा, कुणालाही आवडावा असा. नव्या वर्षात तो भागीदार होणार होता, आणि नव्या साइटच्या पहिल्या पानावर मोठ्ठा फोटो त्याचाच झळकणार होता. वकिलांची साइट म्हणजे पिकलेल्या केसांचं प्रदर्शन वाटू नये, अशी आयविंडची इच्छा होती.

"गुन्वोरचं ऐकून मला झोप लागली नाही," हालवार म्हणाला. त्याने डब्यातला एक तुकडा तिच्यापुढे सरकवला. "काल जाऊन भेटलो तिला. वाईट हेतू नसणार तिचा. मी आयविंडला सांगणार आहे की पोलिसांपर्यंत नेऊ नकोस. आता तशीही निवृत्तीला आलीच आहे."

"मोन्सचा निरोप तू ऐकलास का?"

"निरोप? नाही. ते सगळं राग्नाकडे जातं. तिचा प्रांत आहे तो, पानावर नावही तिचंच आहे ना?" मग तो जरा ओशाळला. "म्हणजे मी तिच्यावर काही ढकलत नाहीये हं."

सिग्रुन म्हणाली, नाही, तसं मला वाटलंही नाही. मोन्स आल्यावर तूही बैठकीला बस, असं तिने सुचवलं. तो लगेच तयार झाला. फक्त साडेतीनला आपल्याला निघावं लागेल, बालवाडीतून लेकीला आणायची पाळी नेहमीसारखी आपलीच आहे, असं म्हणाला. या शहरात तेवढं कारण सांगितलं की प्रत्यक्ष प्रमुखही बैठकीतून उठणाऱ्याला अडवत नाही.

बाहेर येऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. खाली धक्क्यावर फेरीबोट लागत होती. टोचणारा तो खडा अजून तिथेच होता. तिने पानाच्या ओळी मनात पुन्हा म्हणून पाहिल्या. लगेच कळवा. थांबू नका. पुढची पावलं अमुक विभागात वाचा.

अमुक विभागात?

जुन्या साइटवर 'वादळानंतर' नावाचा विभागच नव्हता. तिथे सगळं 'विमा आणि उत्तरदायित्व' अशा भारदस्त नावाखाली कोंबलेलं होतं. ते नाव नव्या साइटसाठी सुचलं होतं, दोन आठवड्यांपूर्वी, एका बैठकीत. जुनं पान त्याच्यावर कसं बोट दाखवेल?

आणि ते नाव कुणी सुचवलं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. ते राग्नाचं होतं.

३

राग्ना व्रोल्डसेनशी बोलायचं म्हणजे आधी श्वास भरून घ्यावा लागे. तिचे वडील या कचेरीचे संस्थापक, आणि ती गोष्ट ती स्वतः कधी विसरली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला विसरू देत नव्हती. गुन्वोरशी तिचं कधीच पटलं नाही. 'अल्पविरामांची पोलीस' हे गुन्वोरचं नाव तिनेच ठेवलेलं.

"पान माझं आहे," सिग्रुनने विचारायच्या आधीच ती म्हणाली. "माझं नाव आहे खाली. त्यावर जे काही चुकीचं होतं त्याची जबाबदारी माझी. हे मी आयविंडला कालच सांगितलंय. पुढे?"

"होतं का चुकीचं?"

"मोन्स खोटं बोलणारा माणूस नाही. त्याच्या बापालाही मी ओळखायचे."

"मग थांबायला सांगायची चूक तू केलीस?"

राग्नाने मान फिरवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्रुनने हे नोंदवलं. शिंगावर घेणारी बाई गप्प बसते तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

मग सिग्रुनने सरळच विचारलं. बदललेल्या पानावर 'वादळानंतर' लिहिलेलं आहे आणि तो शब्द तुझा आहे, याचं काय?

राग्ना वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटलं, मग तिला चक्क हसू आलं. तसलं कडवट हसू सिग्रुनने तिच्या तोंडी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"त्या शब्दाचं मढं तुझ्याच कचऱ्याच्या डब्यात पडलं होतं, सिग्रुन. मी फाडलं ते कार्ड. तुम्हा सगळ्यांसमोर. जन्मात तो शब्द पुन्हा लिहीन का मी?"

आणि सिग्रुनला ती दुपार लख्ख आठवली.

अशी बैठक ती प्रत्येक कामात घ्यायची. पानांची नावं लिहिलेली कार्डं टेबलावर पसरायची आणि खऱ्या ग्राहकांना म्हणायचं, लावा गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. त्या दिवशी आउस्टेवोलहून तीन-चार मासेपाळ आले होते. जाळं, विमा, पळालेले मासे अशा कार्डांचा गठ्ठा तयार झाला तेव्हा राग्नाने कॉफी पिता पिता नाव सुचवलं, 'वादळानंतर'. सगळ्यांना आवडलं. टाळ्याही पडल्या. पण बैठक संपता संपता एका मासेपाळाच्या बायकोने पाय आपटला. जाळं काय फक्त वादळाने फाटतं? आमचं सीलने फाडलं, शेजाऱ्याचं बोटीच्या पंख्याने. आम्ही कुठे शोधायचं? ते अगदी खरं होतं. राग्नाला मात्र फार लागलं. तिने कार्डाचे चार तुकडे केले. गुन्वोरने नवं कार्ड लिहून लावलं, 'काही बिघडलं तर', आणि सगळे घरी गेले.

सगळे?

सिग्रुन भिंतीला टेकली. तिने ती खोली मनात पुन्हा भरली. टेबलाच्या टोकाला आयविंड, हसत होता. खिडकीशी राग्ना, गोरीमोरी. गुन्वोर हातात पेन घेऊन उभी. पलीकडे मासेपाळ आणि ती पाय आपटणारी बाई.

आणि दाराजवळची एक खुर्ची रिकामी होती.

४

मोन्सची बोट धक्क्याला लागायच्या थोडं आधी सिग्रुनने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावून घेतलं. कारण साधंच सांगितलं. या पानाचा वाद आहे, तेव्हा ते नव्या साइटवर कसं आणि कुठे जाणार ते आत्ताच ठरवून टाकू, मोन्सला तेही सांगता येईल. आयविंडला ते पटलं. राग्ना हाताची घडी घालून बसली. हालवारने सगळ्यांसाठी कॉफी आणली. गुन्वोर अंगात कोट घालूनच आली आणि उभीच राहिली. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

आपलं चुकलं तर एका भल्या माणसाला आपण सगळ्यांसमोर उघडं पाडतोय, हे सिग्रुनला कळत होतं. आणि आपण गप्प बसलो तर थोड्या वेळाने गुन्वोरचं नाव एका परक्या माणसापुढे चोर म्हणून घेतलं जाणार होतं.

"पान तर ठेवायचंच," ती शक्य तितक्या सहज म्हणाली. "कुठल्या विभागात घालू? हालवार, तुझा विषय आहे, तूच सांग."

हालवारने कपातून वर पाहिलं. "'वादळानंतर'मध्ये. दुसरीकडे कुठे जाणार ते?"

राग्नाने घडी सोडली. गुन्वोरने पहिल्यांदाच मान वर केली.

"कुठे म्हणालास?" आयविंडने विचारलं.

"'वादळानंतर'." हालवारने एकेकाकडे पाहिलं. काय बिघडलंय ते त्याला समजेना. "राग्नानेच नाही का नाव दिलं? सगळ्यांना आवडलं होतं."

"तू असेपर्यंत आवडलं होतं," सिग्रुन म्हणाली. "साडेतीनला तू उठून बालवाडीत गेलास. तू गेल्यावर ते नाव बाद झालं. त्या विभागाचं नाव आता 'काही बिघडलं तर' असं आहे."

"बरं, मग मला कुणी सांगितलं नाही. त्यात काय एवढं?"

"कुणी सांगितलं नाही हे खरं आहे. ती माझी पद्धत. विभागांची नावं आधी दिसली की वकील त्यावर महिनाभर भांडतात, म्हणून कच्च्या साइटवर मी नुसते आकडे घातलेत. नावं शुक्रवारीच दिसायची होती." तिने पडदा चालू केला. "आता मोन्सच्या पानाची शेवटची ओळ वाच."

हालवारने वाचली. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

आयविंड भला असला तरी वकील होता. तो म्हणाला, यावरून एवढंच कळतं की हालवारला बदल ठाऊक नव्हता. पान त्यानेच बदललं हे कुठे कळतं?

सिग्रुनने ते त्याला समजावून सांगितलं. नव्या साइटवरच्या प्रत्येक पानाच्या शेवटी पुढच्या विभागाचं नाव घालायचा नियम आहे, जुन्या साइटवर तशी ओळच नसते. म्हणजे ज्याने पान बदललं त्याने दुरुस्त मजकूर आधी नव्या साइटसाठी लिहिला, आणि दोन्हीकडे सारखंच दिसावं म्हणून तो अख्खाच्या अख्खा उचलून जुन्यावर चिकटवला. घाईत शेवटची ओळही सोबत आली. आता, 'वादळानंतर' हे नाव जन्मलं त्याच बैठकीत आणि मेलंही तिथेच. कचेरीतल्या बाकी कुणाच्या ते कानावरही गेलेलं नाही. मासेपाळांनी ऐकलं, पण त्यांना साइटच्या आत शिरता येत नाही. राहिले या खोलीतले. राग्नाने कार्ड फाडलं. आयविंडने नव्या नावाला हात वर केला. गुन्वोरने नवं कार्ड स्वतः लिहिलं, आणि त्यानंतर तिने माझ्याकडे पाठवलेल्या प्रत्येक पानाच्या मसुद्यात नवंच नाव आहे, हवं तर आत्ता उघडून बघा. ते नाव जिवंत आहे असं समजणारा या घरात एकच माणूस होता.

"पण हालवारने का करावं?" आयविंड म्हणाला. "पान राग्नाचं आहे."

"नाही," राग्ना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पान त्याने लिहिलं. नुकताच लागला होता तेव्हा. मी न वाचता खाली माझं नाव घातलं. माझं नाव घातलं की मग ते माझंच, असं मी मानते, म्हणून गप्प होते. पण पान बदलून ते या बाईवर लोटायचं, हे मी नाही मानत."

हालवारने कप खाली ठेवायचा प्रयत्न केला. कॉफी टेबलावर सांडली. ती कुणी पुसली नाही.

"मी निरोप ऐकला," तो म्हणाला. "मला वाटलं, पान बरोबर करून टाकावं. निदान पुढच्या कुणाचं तरी नुकसान व्हायचं नाही. आणि मोन्सकडे पुरावा नसेल तर विषय आपोआप मिटेल. गुन्वोरवर येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सगळेच तिच्या नावाने आत जातात."

"आलं माझ्यावर," गुन्वोर म्हणाली. "काल आलं. ते तुला कळलं होतं. मी खोकं भरत होते, तेव्हा तू आलास आणि मला मिठी मारलीस."

तिने आवाज चढवला नव्हता. हालवारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचा पासवर्ड वापरण्यापेक्षा, पान बदलण्यापेक्षा ती मिठी मोठा गुन्हा होती, आणि हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं.

खाली दारावरची घंटा वाजली. मोन्स आला होता. आयविंड उठला, जाता जाता गुन्वोरपुढे थांबला, काहीतरी बोलू गेला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी त्या माणसाला सांग की तो वेडा नाही. माझं शुक्रवारी सांग. सगळे असतील तेव्हा."

५

शुक्रवारी स्वयंपाकघरात वाफल्सचा आणि तापलेल्या लोण्याचा वास भरला होता. सगळी कचेरी दाटीवाटीने उभी होती. आयविंडने बशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं की मी एका निरपराध माणसाला दोषी धरलं, कारण ते मला सोयीचं होतं. त्याने गुन्वोरची माफी मागितली. गुन्वोरने ऐकून घेतलं, मान हलवली आणि वाफलवर जास्तीचा मुरांबा घेतला.

मोन्सचं नुकसान कचेरीने स्वतःच्या शिरावर घेतलं होतं. हालवारने वकिलांच्या मंडळाला आपलं कृत्य स्वतःच लिहून कळवलं होतं आणि तो घरी बसला होता. भिंतीवरचा जांभळा देवमासा त्याने जाताना नेला. सिग्रुनला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या चित्राच्या जागी उरलेला चौकोन बघून तिला नुसतंच वाईट वाटलं.

पहिल्या पानावरचा त्याचा फोटोही काढावा लागला. साइट उघडायची वेळ आली आणि ऐन दर्शनी जागेवर मोठं भगदाड पडलेलं. आयविंडने सुचवलं की तिथे गुन्वोरचा फोटो लावू.

"माझं तोंड बघायला आउस्टेवोलहून कोण येणार आहे?" गुन्वोर म्हणाली. "सरका जरा."

ती सिग्रुनच्या शेजारी बसली. दिव्यावर चिकटवलेला कागद तिने त्याच सकाळी फाडला होता. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड घ्यायला लावला होता, राग्नालासुद्धा, आणि राग्ना तो दोनदा विसरलीही होती. गुन्वोरने स्वतःचा नवा पासवर्ड घातला, हात आडवा धरून, शाळेतली मुलं पाटी झाकतात तसा. मग तिने त्या रिकाम्या जागेत सावकाश लिहिलं.

'जाळं फाटलं तर लगेच कळवा, थांबू नका. याआधी याच साइटवर आम्ही तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. ते चूक होतं, आणि चूक आमची होती. पुढची पावलं "काही बिघडलं तर" या विभागात वाचा.'

आयविंडने तिच्या खांद्यावरून वाचलं. वकिलांच्या कचेरीने आपल्या साइटच्या कपाळावर स्वतःची चूक लिहावी, असं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड उघडलं. मग त्याने राग्नाकडे पाहिलं. राग्ना गुन्वोरच्या मागे येऊन उभी होती.

"'आणि चूक आमची होती'च्या आधीचा अल्पविराम राहू दे," राग्ना म्हणाली. "चांगला आहे."

गुन्वोरने वळून तिच्याकडे पाहिलं आणि कळ दाबली. खालच्या कोपऱ्यात, पान कुणी बदललं ते सांगणाऱ्या ओळीत, नेहमीचंच नाव उमटलं, गुन्वोर. ती ते बराच वेळ बघत बसली. मग तिने सिग्रुनला विचारलं, खोक्यातला निवडुंग परत खिडकीत ठेवायला जरा हात लावशील का.